नुसतं बघायला आलेली बाई

मुंबईच्या देवळात नुसतं उभं राहता येत नाही. खांबाला टेकून डुलकी काढता येते, सुनेची उणीदुणी काढता येतात, भाचीसाठी स्थळ हेरता येतं, पुजाऱ्यांच्या ओळखीवर मोबाइलसुद्धा चार्ज करता येतो. पण हात न जोडता, काही न मागता, नुसतं टकामका बघणारं माणूस दिसलं, की ते आपापल्या परीनं मार्गी लावल्याशिवाय तिथे कुणालाच चैन पडत नाही.

मुलं मोठी झाल्यावर बायका भिशी लावतात, योगाला जातात, केक करायला शिकतात. मी समाजशास्त्रात एम. ए. करायला घेतलं. तिथे प्रकल्प आला: एका धर्मस्थळी जाऊन सहभागी निरीक्षण करा, म्हणजे लोकांत मिसळून बघा, टिपणं काढा, अहवाल द्या. आमचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. ते म्हणाले, "मॅडम, आपलं मत मधे आणायचं नाही. लोक काय करतात ते फक्त बघायचं." हे सर देवळाला बाहेरूनच, बाइक हळू करून, नमस्कार करणाऱ्यांपैकी असावेत अशी माझी समजूत आहे.

सासूबाईंना प्रकल्पाचं सांगितलं तर त्या निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाल्या, "देवळात वही घेऊन? देवाकडे हिशेब मागायला चाललीयस का?"

मी रीतसर वाचन केलं. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, त्यांच्यानंतर घुर्ये. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावतीबाई कर्वे, आणि त्या तर वारीबरोबर पंढरपूरला चालत गेलेल्या. केवढी ही परंपरा, आणि तिच्या शेपटाला मी. शिवाय मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा गृहस्थ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर तंबू ठोकून राहिला आणि गावकऱ्यांचं जगणं टिपत बसला. त्याचं कौतुक आहेच. पण त्या बेटावर त्याला "तुमचं माहेर कुठलं?" असं विचारणारं कुणी होतं का, हे मला कळायला हवंय.

आता देऊळ कुठलं घ्यायचं? सिद्धिविनायक १८०१ सालचं. देऊबाई पाटील या निपुत्रिक बाईंनी, आपल्याला नाही तर निदान इतर बायकांना तरी मूल व्हावं म्हणून पैसे दिले आणि लक्ष्मण विठू पाटलांनी ते बांधलं. पण मंगळवारी तिथली रांग बघता निरीक्षण म्हणजे पुढच्या माणसाच्या मानेचं होणार. महालक्ष्मीची कथा मला फार आवडते. वरळीच्या खाडीवरचा बांध काही केल्या टिकेना. तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातल्या मूर्ती बाहेर काढल्या आणि मग बांध उभा राहिला, अशी आख्यायिका. (त्याच किनाऱ्यावर हल्ली कोस्टल रोड झाला. त्या वेळी कोण कुणाच्या स्वप्नात आलं होतं ते अजून जाहीर झालेलं नाही.) मुंबादेवीचं मूळ देऊळ बोरीबंदरला, आज सीएसएमटी आहे त्या बाजूला होतं, ते तिथून हलवलं गेलं. म्हणजे जिच्यावरून शहराला नाव पडलं, तिलासुद्धा स्टेशनजवळची जागा सोडावी लागली. पुनर्विकासातून इथे कोण सुटलंय!

शेवटी एका मोठ्या देवळात गेले. नाव सांगत नाही. रांगेत बराच वेळ गेला, तो ठीक. गाभाऱ्यासमोर पोचले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, तोवर "चला चला, पुढे चला, मागे लोक आहेत" असा गजर झाला आणि मी प्रसादाच्या खिडकीशी उभी होते. टोपण आतच राहिलं. त्या दिवशीच्या टिपणात एवढंच आहे: "स्वयंसेविकेचा पंजा. उजवा. मजबूत."

म्हणून मग गिरगावातलं आमच्या ओळखीच्या वाडीतलं महादेवाचं लहानसं देऊळ धरलं. दोन्ही बाजूंना इमारती, मधे कोंबलेलं कौलारू देऊळ, पुढे नंदी, वर पत्र्याची शेड. श्रावणातला सोमवार होता. पाऊस असा, की छत्र्यांचा ढीग देवळापेक्षा मोठा दिसत होता.

दाराशीच फुलवाल्यानं हटकलं. "ताई, चपला इथे काढा. फुकट आहे."

"थँक्यू."

"ताट कितीचं देऊ?"

"मला पूजा नाही करायची. नुसतं बघायला आलेय."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हॉटेलात नुसती पंख्याखाली बसायला आलेय. "मग बेल तरी घ्या. मोकळ्या हातानं बघतात होय?" मी बेल घेतला. देऊळ किती जुनं आहे असं विचारलं, तर म्हणाला, "लई जुनं. माझा बाप बसायचा ना इथे, त्याच्या पण आधीचं." वाल्केश्वरचं देऊळ रामा कामतांनी १७१५ साली पुन्हा बांधलं, हे मी पाठ करून आले होते. ते तसंच मनात ठेवून आत गेले.

आत पहिल्या दहा मिनिटांत जे दिसलं, त्यावर खरं तर अहवाल पुरा व्हावा. गाभाऱ्यासमोर दोन आजी बेल वाहायला उभ्या. एक हिरव्या साडीतल्या, एक जाड भिंगांच्या. बेल पालथा वाहायचा, यावर एकमत. पण देठ कुठे?

"देठ देवाकडे," हिरव्या आजी.

"आमच्यात देठ आपल्याकडे."

"असं कसं? माझ्या सासूनं चाळीस वर्षं देवाकडे वाहिला."

"म्हणूनच," एवढंच बोलून भिंगांच्या आजी गप्प राहिल्या. त्या 'म्हणूनच'मध्ये एका घराण्याचा इतिहास होता. मागे रांग खोळंबली. शेवटी आतून गुरवकाका म्हणाले, "आजी, वाहा हो कसाही. शंकर काय देठ तपासत बसत नाही." दोघींना हे मुळीच पटलं नाही. देवाच्या वतीनं गुरवानं अशी परस्पर सूट द्यावी, याबद्दल मात्र त्यांचं लगेच एकमत झालं.

प्रदक्षिणेचं वेगळंच. शास्त्र सांगतं, देवीला एक, सूर्याला सात, गणपतीला तीन, विष्णूला चार आणि शंकराला अर्धी. अर्धी म्हणजे अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं परत फिरायचं. नियम बांधणाऱ्यानं ऐसपैस दगडी प्रांगण डोळ्यांपुढे ठेवलेलं असणार. इथे देवळाच्या आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीमधे जेमतेम एक माणूस मावतो. जाणारे आणि परतणारे पन्हाळीशी समोरासमोर येतात. मग "तुम्ही मागे व्हा", "अहो, मी आधी आले", "काका, पोट आत घ्या जरा" असं होऊन भक्तिभावानं एकमेकांना घासत सगळे सुटतात. दादरच्या पुलावर जन्म घालवलेली माणसं ती. कुणी रागावत नाही.

त्या बोळात भिंतीला विजेच्या मीटरची पेटी आहे. मी पाहिलं, की जाता जाता लोक खांबाला हात लावतात, तो कपाळाला नेतात. कोनाड्यातल्या मारुतीला लावतात, कपाळाला नेतात. आणि त्याच ओघात मीटरच्या पेटीलाही लावतात. पेटीच्या दाराचा रंग तेवढ्याच जागी उडालाय. शेंदराचं एक बोटही लागलंय. कॉलेजची सॅक लावलेल्या एका मुलाला मी थांबवलं. "बाळा, या पेटीला नमस्कार का केलास?" त्यानं वळून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "सगळे करतात." मग मागे जाऊन, राहिला असेल तर असावा म्हणून, पुन्हा एकदा केला. हे माझ्या मते माझं सगळ्यात मोलाचं निरीक्षण आहे, आणि सरांनी नेमकं त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

नंदीपाशी मात्र माझी कसोटी लागली. काही जण शिंगांवर अंगठा आणि तर्जनी टेकवून मधून पिंडीचं दर्शन घेतात. ते दोन सेकंदांत आटपतं. काही जण नंदीच्या कानात इच्छा सांगतात. ऑफिसची बॅग काखेत धरलेले एक गृहस्थ एक कान हातानं झाकून दुसऱ्या कानात इतका वेळ बोलत होते, की मागच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. पावसाच्या आवाजातही "कॉर्पस", "भाडं थकलंय" आणि "पार्किंग एक तरी" एवढं मला ऐकू आलं, म्हणजे पुनर्विकासाचंच गाऱ्हाणं. संशोधनाची नीती सांगते, की माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती टिपू नये. मी वही मिटली. कान मिटता येत नाहीत.

संमतीचा छापील फॉर्म माझ्याकडे होता. तो मी मंडपात भजनाला बसलेल्या बायकांसमोर धरला. मृदंगवालीनं वाचायला घेतला, झांजवालीनं तिच्या हातातून घेतला, आणि भिंगांच्या आजींनी तो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून म्हटलं, "सही? छे, छे. मागे एकदा चाळीच्या कागदावर 'नुसती हजेरी आहे' म्हणून सही केली, ती अजून निस्तरतेय."

"आजी, फक्त मी तुम्हाला प्रश्न विचारले तर चालतील एवढंच लिहिलंय."

"विचार की. त्याला कागद कशाला? बस आधी. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं. मग आडनाव. हे सासरचं झालं, माहेरचं काय? गाव कुठलं? तिथले ते सावकार तुमचे कोण? मिस्टर काय करतात? बँकेत? सरकारी की खाजगी? मुलं किती? मुलीचं बघताय का? आणि या वयात परीक्षा देतेस तर घरचा स्वयंपाक कोण करतं? माझ्या प्रश्नावलीत चौदा प्रश्न होते आणि पहिलाच "आपण देवळात किती वेळा येता?" हा गुळगुळीत खडा होता. आजींनी कागद-पेनाशिवाय, टाळ खाली न ठेवता, चहाच्या एका कपात माझा जन्म, शिक्षण, उत्पन्न आणि सासूशी असलेले संबंध काढून घेतले. शेवटी बाजूच्या बाईला निष्कर्षही सांगितला: "चांगली आहे. घरी कंटाळते."

"आता मी विचारू?" मी म्हटलं.

"विचार, पण रिकामी बसू नकोस. हा बेल निवड."

समोर बेलाचा भारा आला. तीन पानं एका देठाची, कुठे फाटलेलं नको, किडलेलं नको. तुळशीएवढं नाजूक नाही, पण डहाळीला काटे असतात. मी निवडत बसले. समोर बायका बोलत होत्या आणि एवढ्या वेळात वहीत आलं नव्हतं ते सगळं आपोआप कानावर पडत होतं. नव्या लग्नाच्या मुली शिवामूठ वाहायला येत होत्या: पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव, आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू. त्यातली एक मुलगी ऑफिसच्या कार्डासकट आली होती. तिळाची पुडी तिनं लॅपटॉपच्या बॅगेतून काढली. "आईनं कुरिअरनं पाठवले," म्हणाली. "इथले चालले नसते का?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "मलाही माहीत नाही. तिला फोटो पाठवायचाय." तिनं मूठ वाहिली, हात कोरडे केले, फोटो काढला आणि चर्नी रोडची लोकल पकडायला धावली. पन्हाळीतून तीळ वाहत होते, आणि चिमण्या त्यांच्या मागावर होत्या.

पेनाला हात लावणार तेवढ्यात गुरवकाकांनी हाक मारली. अभिषेकाच्या पावत्या लिहिणारा मुलगा पावसात अडकला होता, आणि सगळ्या देवळात पेन उघडं असलेली मी एकटी. टेबलाशी बसवलं. नाव, गोत्र, रक्कम. एक तरुण जोडपं आलं. गोत्र विचारल्यावर नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं मोबाइलकडे. "माहीत नसेल तर काश्यप लिहा," आतून काकांचा आवाज आला. ही पद्धत जुनीच आहे. त्या दुपारी मी इतकी काश्यप गोत्रं लिहिली, की गोत्रांवर स्वतंत्र प्रकरण लिहिता आलं असतं. ते लिहिलंही, पण सरांनी विचारलं, "नमुना कसा निवडला?" मी म्हटलं, "पावसानं."

अहवालावर सरांचा शेरा आला: "संशोधक क्षेत्रात अनावश्यक गुंतलेला दिसतो." सासूबाईंनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, "तुझे सर एकदा आण म्हणावं त्या देवळात. बेल निवडायला."

प्रकल्प देऊन झाला, गुण मिळाले, माझ्या दृष्टीनं विषय संपला. पण रविवारी रात्री भांडी आवरताना फोन वाजला. आजींना नंबर मी दिला नव्हता. पावतीपुस्तकावर काकांनी "काही अडलं तर" म्हणून लिहून घेतला होता.

"उद्या मूग आहेत," आजी म्हणाल्या. "सातला ये. आणि ती वही आणू नकोस गं, दोन्ही हात लागतात."