मिशनऱ्याच्या चि. सौ. कां.स दोन शब्द

ताई, मिशनऱ्याचं स्थळ आलंय म्हणे! अभिनंदन. साल १८१२, मुक्काम अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स असं धरून चालू.

आधी मुलाने तुमच्या बाबांना लिहिलेलं पत्र वाचून घ्या. ॲन हॅसल्टाइनला मागणी घालताना होऊ घातलेल्या मिशनरी अडोनिराम जडसनने तिच्या वडिलांना विचारलं होतं, की मुलगी या जन्मी पुन्हा दिसायची नाही, समुद्रात धोका, हिंदुस्थानच्या हवेत धोका, वर हालअपेष्टा, अपमान, छळ आणि कदाचित भीषण मृत्यू. तर देता का? आपल्याकडे स्थळवाले निदान पगार तरी वाढवून सांगतात. वडील म्हणाले, तुझं तू ठरव. पोरीने हो म्हटलं.

लगीनघाईची सवय ठेवा. ॲनचं लग्न ५ फेब्रुवारीला, दुसऱ्याच दिवशी सेलममध्ये नवऱ्याची दीक्षा, आणि १९ला ‘कॅराव्हॅन’ जहाज सुटलं. बरोबरच्या हॅरिएट न्यूएलचं लग्न तर ९ला लागलेलं. मांडवपरतणी वगैरे विसरा.

जहाजावर चार महिने अंग आखडतं, दोरीवरच्या उड्या मारा. या दोघी मारायच्या. जूनमध्ये कलकत्त्याला पोचलात की कंपनी सरकार सांगेल, आल्या पावली परत फिरा. त्यांना व्यापार हवा असतो, धर्माची कटकट नको असते.

बाळंतपणाला माहेर नाही. हॅरिएट मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच बाळंत झाली. मुलगी पाच दिवस जगली. हॅरिएट ३० नोव्हेंबरला गेली, वय १९. मिशनचं काम काही हाती लागलं नाही, पण तिच्या चरित्राच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तेव्हा रोजनिशी नेमाने लिहा, अक्षर सुवाच्य काढा.

उशी चांगली दणकट घ्या. जडसन जोडपं पुढे ब्रह्मदेशात गेलं. १८२४ साली तिथे इंग्रजांशी युद्ध पेटलं, जडसन तुरुंगात पडला, तेव्हा बायबलच्या भाषांतराचं बाड ॲनने उशीतच लपवलं. शिवाय पहारेकऱ्यांचे हात ओले करायचे, नवऱ्याला जेवण पोचवायचं, मधेच एक बाळंतपणही उरकायचं. याला पद नसतं. ही बायकोची कामं. १८२६ मध्ये ती गेली तेव्हा नवरा परगावी होता. पुढे त्याने आणखी दोन लग्नं केली. त्यातली पहिली बायको मिशनऱ्याचीच विधवा, म्हणजे कामाचा अनुभव होता.

मुंबई वाट्याला आली तर मराठी शिका. मिशनरी जॉन विल्सनच्या पत्नी मार्गारेट १८२९ साली आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५मध्ये वारल्या. चरित्र? नवऱ्याने लिहिलं.

त्या अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंचं मात्र मुळीच ऐकू नका. १८२७ साली मुंबईला आल्या त्या बिनलग्नाच्या. पुढे नगरला मुलींची शाळा चालवली. ती जोतीराव फुल्यांनी पाहिली, सावित्रीबाईंनी तिथे शिक्षिकेचे धडे घेतले. बाई १८६२ साली जाईपर्यंत शिकवतच राहिल्या. ना नवरा, ना चरित्र लिहायला विधुर. कसला तो संसार!

असो. तारीख काढलीत का? जहाज कधी सुटतंय ते आधी विचारा, मुहूर्त काय, मागेपुढे करता येतो.