भिंत रंगवली, ओल तशीच

कलाकारांनी पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात महिनाभर राहून चौक, जिने रहिवाशांसोबत सजवावेत, ही तुमच्याकडे छापून आलेल्या लेखातली कल्पना झकास. पण आमच्या वाड्यात मोरीशेजारच्या भिंतीवर काढलेला मोर दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे धरून गळला, आधी पिसारा, मग मान. चुन्याच्या ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट फासला की ओल आतच कोंडते. आजी तेव्हाच बोलली होती, पण ऐकतो कोण! अमेरिकेत ह्यूस्टनला १९९३ साली सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट रो हाउसेस'मध्ये २२ जुनी घरं आधी दुरुस्त केली. काहींत कलाकार आले, काहींत एकट्या आया मुलांसह राहिल्या. आणि हो, पाहुण्या कलाकारांनी पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके घालण्याचं काम, करणाऱ्यांशेजारी चार दिवस बसावं. ब्रश नंतर काढा.