कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून काय मिळतं?

मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर कॅमेऱ्याची कमान दिसली की पुढची गाडी कचकन ब्रेक मारते आणि कमान मागे पडली की पुन्हा एकशेवीस-एकशेतीसवर जाते. मागून येणाऱ्याच्या जिवाशी हा खेळ आहे. म्हणूनच मी सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाजूने आहे, आणि त्यांच्याविरुद्धचा बराचसा राग ते कसे चालतात हे माहीत नसल्यामुळे आहे असं माझं ठाम मत आहे.

एका जागी वेग पकडणारा कॅमेरा बहुतेक वेळा रडारवर चालतो. लहर गाडीवर आदळून परत येते, तेव्हा तिची वारंवारता बदललेली असते. वेग जास्त तितका बदल मोठा. ब्रिटनमधले जुने गॅट्सो कॅमेरे तर अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढायचे. रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेषांवरून गाडी तेवढ्यात किती पुढे गेली ते दिसायचं, म्हणजे रडारचा आकडा पडताळता यायचा. गॅट्सोचा जनक मॉरिस गॅट्सोनाइड्स हा डच रॅली ड्रायव्हर, 1953 च्या माँटे कार्लो रॅलीचा विजेता. स्वतःचा वळणावरचा वेग मोजायला त्याने हे यंत्र बनवलं होतं!

पण असा कॅमेरा फक्त त्या एका जागेपुरता. सरासरीच्या पद्धतीत दोन ठिकाणचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात, वेळ नोंदवतात, आणि मधलं अंतर आधीच मोजलेलं असतं. 10 किलोमीटर 5 मिनिटांत कापले, तर सरासरी ताशी 120. आता सरासरीच 120 असेल, तर वाटेत कुठेतरी काटा निदान 120 वर होताच, यातून सुटका नाही. उलट मध्ये चहाला थांबलात तर सरासरी खाली येते. म्हणजे या पद्धतीत जी सूट मिळते ती चालकालाच. अशा थांब्याआड कुणी सुसाट पळाला, तर त्याच्यासाठी एका जागचे कॅमेरे हवेतच.

एक्सप्रेस वेवर जुलै 2024 पासून जी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली, तिच्यात सरासरी वेग मोजण्याचीही सोय आहे. कारसाठी मर्यादा सपाटीला 100, बोरघाटात 60. घाटातल्या साठवर लोक सगळ्यात जास्त चिडतात, म्हणून हिशेब मांडतो. 10 किलोमीटरला साठने 10 मिनिटं लागतात, ऐंशीने साडेसात. वाचली अडीच मिनिटं. आणि ऐंशीवरच्या गाडीत साठच्या मानाने पावणेदोनपटीहून जास्त ऊर्जा असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ती सगळी जिरवायची कुणी? आधीच तापलेल्या ब्रेकनी. अडीच मिनिटांसाठी हे?

‘हा सगळा वसुलीचा धंदा आहे’ असं म्हणणाऱ्यांची एक गोष्ट मला मात्र पटते. कायद्यात कारसाठी 1000 ते 2000 रुपये दंड आहे, तो भरणाऱ्याला पुरावा पूर्ण दिसलाच पाहिजे. सरासरीच्या टप्प्याची सुरुवात आणि शेवट मोठ्या मराठी पाट्यांवर हवा. चलनावर दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो, दोन्ही वेळा सेकंदासकट आणि मधलं अंतर हवं. नंबर चुकीचा वाचला गेला असेल, किंवा आपला नंबर दुसऱ्याच गाडीला लावलेला असेल, तर फोटोत गाडीचा रंग आणि मॉडेल पाहून मालकाला तक्रार करता येईल. हे चलनावरच छापा, म्हणजे भागाकार ज्याचा त्याला करता येईल.