तानपुऱ्याक मोरीचा त्याल

गेले आठ दिवस आमच्या घरात मांजरं येऊन बसतायत. स्वयंपाकघरात नाही, माजघरात, तानपुऱ्यासमोर. एक बोका आणि दोन पांढऱ्या. दोन्ही पाय पुढे घेऊन, नजर भोपळ्यावर. असे तल्लीन श्रोते मला उभ्या जन्मात मिळाले नाहीत.

कारण साधं आहे, तानपुऱ्याला मोरीचं तेल लागलंय. मोरी म्हणजे न्हाणीघरातली नव्हे, मासा. मुंबईकडे मुशी म्हणतात तो. त्याच्या काळजाचं तेल काढून पूर्वी होड्यांना फासायचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं. वास कसा असतो ते लिहून सांगता येत नाही आणि येत असतं तरी मी सांगितलं नसतं.

झालं काय की दिवाळी पहाट होती. देवळासमोरच्या पुळणीवर स्टेज, तोंड थेट समुद्राकडे, फोटो छान येतात म्हणून. मला दोन अभंग. पहाटे साडेचारला पोचलो तर दंव असं पडत होतं की खुर्च्यांवरून पाणी ओघळतंय. साऊंडवाल्याने स्पीकरवर ताडपत्री टाकलेली, मिक्सरवर टाकलेली, जनरेटरवरसुद्धा टाकलेली. मी म्हटलं एक तुकडा तानपुऱ्याला द्या, तर कमिटीतला पोरगा म्हणतो, "त्येका कित्या? त्येका खंय करंट आसा?"

तर मी आपली अंगावरची शाल तानपुऱ्यावर घातली आणि कुडकुडत चहा प्यायला गेलो. दहा मिनिटं. जास्तीत जास्त बारा.

परत येतो तर शाल बाजूला, आणि तानपुऱ्याशी तात्या मांडी घालून बसलेले. हातात फडकं, बाजूला जुनी औषधाची बाटली. तात्या म्हणजे आमच्या वाडीतले जुने खलाशी, वय ऐंशीच्या पुढे, आता होड्या सगळ्या फायबरच्या झाल्यामुळे त्यांच्या तेलाला गिऱ्हाईकच उरलेलं नाही. मग ते सायकलची चेन, रहाट, देवळाच्या दाराच्या बिजागऱ्या, दिसेल त्याला तेल लावत फिरतात.

"तात्यानू, ह्या काय करतास?"

"तारो गंजतल्यो रे. खारो वारो सुटलो हा. वायच त्याल लावतंय."

"कसला त्याल?"

"मोरीचा. घरचा आसा. पन्नास वर्सा होडयेक लावलंय, एक फळी कुसली नाय."

"पण ही होडी न्हय!"

त्यांनी डॉक्टर छातीवर वाजवतात तसं बोटाच्या पेराने भोपळ्यावर टकटक केलं. "लाकूडच मा?"

"न्हय, भोपळो तो."

"भोपळो?" आता ते हसायला लागले. "म्हंजे तू दुधयेक शाल पांघरून फिरतंस?"

यावर मला काही बोलता येईना, कारण तानपुऱ्याचा भोपळा ही तत्त्वतः दुधीचीच जात. फक्त हा पंढरपूरकडच्या कोरड्या मुलखात वाढतो, वाळतो, मग मिरजेला जातो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं हे मी तात्यांना सांगणार होतो पण त्यांनी त्याआधी विचारलं, "केदक्याक घेतलंस?" मी आकडा सांगितला. ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. "तेच्यात जुना इंजिन इला असता," म्हणाले.

आणि हात चालूच. चार तारांपैकी मधल्या, जोडाच्या दोन्ही तारा झालेल्या, आता खरजाच्या जाड तारेवर आले. "ही पितळेची. हिका हिरवो किट्ट चढता." म्हणजे माणसाला सगळं कळतं! राग त्याचाच जास्त येतो. येडा माणूस असता तर ओरडता आलं असतं. उरलेल्या पंचमाच्या तारेला हात लावायच्या आत मी फडकं काढून घेतलं.

"वाजव बगू," तात्या म्हणाले.

वाजवलं. ढब्ब. माठावर ओला टॉवेल आपटल्यासारखं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तानपुऱ्यात घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखाली एक बारीक दोरा सरकवतात. तो केसभर इकडेतिकडे केला की तार घोडीच्या उतारावर निसटती घासते आणि तो झंकार सुटतो, त्याला जवारी म्हणतात. तेवढ्यासाठीच हा सगळा डोलारा. मी आदल्या रात्री पाऊण तास डोळे मिटून ते दोरे बसवले होते. आता दोरे तेलात भिजून घोडीला चिकटलेले.

तात्या मात्र खूश. "बग! आता कसो गप वाजता. मगाशी मी हात लावलंय तर नुसतो किणकिणत होतो."

म्हणजे जवारी हा त्यांना गंजाचा आवाज वाटला. दुरुस्त केली त्यांनी.

तोवर माझं नाव पुकारलं. कमिटीवाला पोरगा म्हणाला, "ॲप लाव मा मोबाईलवर." लावलं ॲप. गायलो. तानपुरा फोटोसाठी शेजारी उभा, आवाज मोबाईलचा, आणि लक्षात घ्या, मोबाईलला दंव लागू नये म्हणून त्याच पोराने त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी घातली. लगेच. न मागता. शेवटी नारळ दिला. शाल देणार होते म्हणे पण संपल्या.

खरं सांगायचं तर इथे हे वाद्य ठेवणंच मूर्खपणा आहे. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पिणारा मुलूख, जुलैत खुंट्या फुगून अशा बसतात की पक्कड घ्यावीशी वाटते, आणि मे महिन्यात त्याच खुंट्या सैल होऊन सुटतात म्हणून खडू लावा. पूर्वी कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब लावून ठेवायचो, उबेने कपाट कोरडं राहायचं. आता दुकानात एलईडीच मिळतात, ते तापतच नाहीत. वीज वाचते, तानपुरा मरतो. म्हणून मी लोकांकडून नव्या चपलांच्या खोक्यातल्या त्या जेलच्या पुड्या मागून आणतो. लोक देतात, पण बघतात कसे ते विचारू नका.

घरी येऊन मी स्पिरिटने तेल पुसायला गेलो, ही माझी अक्कल. पॉलिश लाखेचं, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला पाठ आहे, मीच चारचौघांना सांगत असतो. तरी घासलं. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, आता हातभर पांढुरका डाग आहे. वास तसाच. बायको म्हणते पडवीत ठेवा, पडवीत ठेवला तर वाडीतली उरलेली मांजरं येतील.

आणि आज सकाळी तारा बघितल्या. तात्यांनी तेल लावलेल्या तिन्ही चकचकीत, कालच मिरजेहून आणल्यासारख्या. पंचम, जो मी वाचवला, सुती फडक्याने कोरडा पुसून ठेवला, त्याच्यावर घोडीजवळ नारिंगी ठिपके आलेत. नखाने खरवडून बघितलं. गंजच.

दुपारी तात्या रस्त्यात भेटले. "काय रे, गंज इलो काय?"

"नाय," म्हटलं आणि चालायला लागलो.