आवाजाला टॉर्च दाखवणारा माणूस

आमच्या इमारतीच्या मागे लग्नाचे लॉन्स आहे आणि मध्ये दहा फुटी भिंत आहे. परवा तिथे कुणाची तरी हळद होती, रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि डीजेच्या प्रत्येक ठोक्याला माझ्या कपाटातले काचेचे पेले एकमेकांवर किणकिणत होते. पायांत चपला सरकवून मी लॉन्सच्या मॅनेजरकडे गेलो.

गृहस्थ कमालीचे नम्र निघाले. नम्र माणसाशी भांडता येत नाही, हे त्यांनाही चांगलेच ठाऊक असावे. त्यांनी आधी मला खुर्ची दिली, मग मठ्ठा मागवला आणि मग विचारले, "सर, आपला फ्लॅट कोणता?"

"तळमजल्यावरचा. भिंतीला लागूनच."

"इथून आपली खिडकी दिसते का?"

"नाही दिसत. मध्ये भिंत आहे."

"मग झालं की, सर! जिथं नजर पोचत नाही, तिथं आवाज कसा पोचेल?"

मी काही बोलण्याआधीच त्यांनी या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक मांडले. वाढप्यांपैकी एका पोराच्या हातात भलामोठा टॉर्च देऊन त्याला स्पीकरसमोर उभे केले आणि मला घेऊन ते फाटकातून बाहेर पडून, रस्त्याने वळसा घालून, आमच्या बाजूला भिंतीच्या पायथ्याशी आले. तिथून त्यांनी पोराला फोन लावला. डीजेच्या दणदणाटात पोराला फोन ऐकू येईना. "टॉर्च मार! अरे, टॉर्च!" असे मॅनेजर कंठशोष करून सांगत होते आणि पलीकडून "कोण? कोण पाहिजे?" एवढेच उमटत होते. अखेरीस त्यांनी व्हॉट्सॲपवर निरोप लिहिला. भिंतीच्या माथ्यावरून प्रकाशाचा एक झोत आमच्या डोक्यांच्या बराच वरून आभाळात गेला, आम्ही मात्र अंधारात उभे. "बघा, आला का आपल्याकडे उजेड? कणभर नाही!" हे वाक्य त्यांनी विजयी मुद्रेने, माझ्या कानाला तोंड लावून, ओरडून सांगितले, कारण एरवी ते मला ऐकूच आले नसते.

लाट अडथळ्याला भेटली की त्याच्या कडेवरून आडोशाला वळते आणि फटीतून गेली की पलीकडे पसरते, यालाच शाळेत विवर्तन म्हणून शिकवतात. ती किती वळेल, हे अडथळ्याच्या किंवा फटीच्या आकाराशी तिची तरंगलांबी, म्हणजे एका लाटेची लांबी, ताडून पाहिली की कळते: लाट जितकी लांब, तितकी ती जास्त वळते. डीजेचा ठोका सेकंदाला 50 कंपनांच्या आसपासचा असतो आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, म्हणजे त्या ठोक्याची एकेक लाट जवळजवळ सात मीटर लांब. आमची भिंत तीन मीटरची, लाटेहून ठेंगणी, म्हणून ठोका तिच्यावरून सहज वळतो. टॉर्चच्या उजेडाची तरंगलांबी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असल्यामुळे भिंतीआड त्याचे वळणे जाणवण्याजोगे नसते. गाण्यातल्या चढ्या, किणकिणत्या सुरांच्या लाटा जेमतेम काही सेंटिमीटरच्या असतात, त्यामुळे त्याही बऱ्याच अंशी भिंतीला अडतात. परिणामी माझ्या वाट्याला ना चाल येते, ना शब्द, नुसते धाड-धाड-धाड. कोणत्या गाण्याने आपली झोप उडाली, एवढेही कळू नये, हे मला आवाजापेक्षा जास्त झोंबते.

बोलोन्याच्या ग्रिमाल्दी या धर्मगुरूने बारीक छिद्रातून आलेला प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त पसरतो हे पाहिले होते, आणि त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1665 मध्ये निघाले. तरीही प्रकाश म्हणजे कण की लाट, हा वाद दीडशे वर्षांनी पॅरिसमध्ये चालूच होता. रस्ते-पूल खात्यातला अभियंता फ्रेनेल याने प्रकाश ही लाट आहे असे मांडणारा निबंध 1818 च्या स्पर्धेसाठी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला, तेव्हा परीक्षकांतला थोर गणिती पॉयसाँ म्हणाला की हे खरे मानले तर वाटोळ्या चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा, आणि असे कुठे असते का? परीक्षकांतलाच दुसरा शास्त्रज्ञ अरागो, त्याने प्रयोग केला. ठिपका होता. हाच अरागो पुढे 1848 मध्ये काही आठवडे फ्रान्सच्या सरकारचा प्रमुख झाला. आमच्या प्रभागातून असा एखादा उमेदवार उभा राहिला तर मी भर उन्हात रांग लावून मत देईन. पॉयसाँला निदान गणित येत होते. आमच्या मॅनेजरांना ती सवलत देता येत नाही.

घरी परतून मी स्लायडिंगची खिडकी लावली. जाळीच्या पट्टीमुळे तिथे बोटभर फट राहतेच. त्या फटीतून लॉन्सच्या रोषणाईची एक बारीक निळी रेघ सरळ छताला चिकटली होती, आवाज मात्र त्याच फटीतून शिरून सगळ्या खोलीभर, अगदी कपाटामागच्या कोपऱ्यापर्यंत पसरला होता. शिवाय काच स्वतःच थरथरत होती, ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बैठकीत मॅनेजर मोबाइलवरचे आवाज मोजायचे ॲप घेऊन आले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. पण ती 'ए' भारांकनाने, म्हणजे कानाला कमी जाणवणारे खालचे सूर कमी धरणाऱ्या पद्धतीने, मोजायची असते आणि त्या मापनात 50 कंपनांच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. म्हणजे भिंत ओलांडून नेमका जो आवाज येतो, त्यालाच मोजताना सर्वांत मोठी सूट. मुळात रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायलाच बंदी आहे, त्यामुळे आकड्यांचा प्रश्नच येत नाही, हे मी बैठकीत सांगितले. त्यावर "लग्न काय रोज रोज होतं का?" असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. त्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला आहे. आणि लॉन्सवर लग्न रोज होते. फक्त रोज वेगळ्याचे होते.

शेवटी भिंत आणखी दोन फूट वाढवण्याचा ठराव बहुमताने संमत झाला. त्याने सात मीटरच्या लाटेला फारसा फरक पडणार नाही, कधीमधी पुसटसा कानी पडणारा गायकाचा आवाज तेवढा बंद होईल. निम्मा खर्च लॉन्सचा, निम्मा सोसायटीचा, आणि तळमजल्याला फायदा जास्त म्हणून माझी वर्गणी दुप्पट.