दादा, पंप म्हणजे धंदा नव्हे

परवा भावंडांच्या ग्रुपवर दादानं लिहिलं, "हृदयाचे पंपबिंप म्हणजे बिल फुगवायचे धंदे." बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या चौघांनी लगेच अंगठे दिले. मी सायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिथंच उत्तर लिहायला लागलो.

धंदा कसला? डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये दहा वर्षं खपून 360 रुग्णांवर अशाच एका पंपाचा अभ्यास झाला. त्याचे प्रमुख याकोब मोलर मी राहतो त्या डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या विद्यापीठ रुग्णालयातले. मोठा अटॅक येऊन हृदय रक्त ढकलेनासं होतं, बीपी कोसळतं, तो कार्डिओजेनिक शॉक. जांघेतल्या धमनीतून बारीकसा पंप हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेतात. तो रक्त ओढून महाधमनीत सोडतो. 2024 साली निकाल आला. सहा महिन्यांत नेहमीच्या उपचारांवरचे 58.5 टक्के रुग्ण दगावले, पंपवाले 45.8 टक्के.

पंपवाल्यांत रक्तस्राव जास्त झाला, काहींच्या पायाचा रक्तपुरवठा तुटला, डायलिसिस जास्त लागलं, हेही मी लिहिलं. कोमातले रुग्ण अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे दिसेल त्याला लावायची ही वस्तू नाही. दादाचा राग मुळात बलून पंपावर, म्हणजे महाधमनीत फुगून-मिटून हृदयाला हातभार लावणाऱ्या जुन्या फुग्यावर आहे, आणि तिथं त्याचं चुकत नाही: 2012 साली जर्मनीतल्या 600 रुग्णांत बलूननं महिन्याभरातले मृत्यू कमी झाले नव्हते.

"पुराव्यानं बोल, दादा," असं शेवटी ठणकावलं. इथं डेन्मार्कात सरकारी आरोग्याचं पिवळं कार्ड दाखवलं की बिलाचा विषयच निघत नाही, हे पाठवून झाल्यावर सुचलं.

2022च्या जानेवारीत मोठ्या काकांना बलूनच लावला होता. सुरसागर तलावाच्या कठड्यावर बसवून मला शेवउसळ भरवणारे काका. त्या पहाटे मी फोनवर दादावर ओरडलो होतो, "तो दुसरा पंप का लावत नाहीत? विचार ना!" तो संमतीचा कागद घेऊन आयसीयूबाहेर उभा होता, पैशांची जुळवाजुळव चालली होती. तेव्हा हा निकाल यायचा होता. पुरावा माझ्याकडेही नव्हता. मी नुसताच लांबून ओरडत होतो. तिकीट बघून ठेवलं होतं, काढलं नाही. पोचलो तो तेराव्याला.

वहिनी नंतर म्हणाल्या, आत सोडायचे तेवढा वेळ दादा काकांच्या पावलावर हात ठेवून बसायचा, गार पडतंय का बघायला.

ग्रुपवरचा तो मेसेज मी काढून टाकलाय. दादानं वाचला होता. रविवारी त्याला फोन करणार आहे.