लक्षद्वीप केरळचा जिल्हा नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

दोन-तीन दिवसांपासून मेसेज फिरतोय की लक्षद्वीप हा केरळचा बेटांचा जिल्हा आहे, त्यामुळे भारतीयांना तिकडे परवाना लागत नाही, थेट बोटीत बसा. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लक्षद्वीप 1 नोव्हेंबर 1956 पासून केंद्रशासित प्रदेश आहे आणि त्या अख्ख्या प्रदेशाचा मिळून एकच जिल्हा आहे, मुख्यालय कवरत्ती. विधानसभा नाही, कारभार केंद्राने नेमलेला प्रशासक बघतो, खाली जिल्हा पंचायत आणि बेटांच्या ग्रामपंचायती. घोळ का होतो ते मला कळतं, कारण हायकोर्ट केरळचं, जहाजं कोचीहून, बहुतेक बेटांवर मल्याळम, आणि 1956 च्या आधी यातली काही बेटं मद्रासच्या मलबार जिल्ह्यात होती, अमिनदिवी गट मात्र दक्षिण कानडा जिल्ह्यात. मिनिकॉय तर अजूनच वेगळं, नऊ अंश खाडीपलीकडे, तिथली भाषा महल, मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण.

जमीन सगळी मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोक 64 हजारांच्या आसपास. तिथले मूळ रहिवासी बहुतेक सगळे अनुसूचित जमातीचे, त्यांच्या संरक्षणासाठी प्रवेशावर नियंत्रण आहे, आणि बाहेरच्या भारतीयांनाही परवाना लागतोच, तो आधी काढावा लागतो. हे प्रशासनाच्याच साइटवर आहे, तिथे वाचूनच लिहितोय.

कुणी त्या मेसेजच्या भरवशावर तिकिटं काढून अडकू नये म्हणून कळकळीने सांगतोय, तुम्ही तो फॉरवर्ड केला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.